काबरांचं नाव : ब्रिजभूषण, बृजभूषण की ब्रजभूषण?

तिसरी_तार :
‘कॉल ऑफ द व्हॅली’ या हिंदुस्तानी वाद्यसंगीताच्या रेकॉर्डवरची परवाची पोस्ट वाचून गप्प बसायचं ठरवलं होतं, जमलं नाही. पोस्टकर्त्याचं म्हणणं थोडक्यात असं : गिटारवाल्या काबरांचं शुद्ध नाव ‘बृजभूषण’, ‘बृज’ हा मूळ संस्कृत शब्द, आणि ‘ब्रिज’ लिहिणाऱ्यांना शुद्धलेखन येत नाही. खाली ‘किती छान माहिती’ म्हणणाऱ्यांची रांग.

माहिती छान आहे, फक्त उलटी आहे. संस्कृतातला शब्द ‘व्रज’. व्रज् म्हणजे जाणे. गुरांचा कळप तो व्रज, तो बसतो तो गोठाही व्रज, आणि मथुरा-वृंदावनाभोवतीचा मुलूख तोही व्रज. त्याचं भूषण कृष्ण. उत्तरेत ‘व’चा ‘ब’ होतो (वन-बन, वर्षा-बरखा, वंशी-बंसी), तसा व्रजचा ब्रज झाला. बोलण्यात त्याचं ब्रिज झालं. तिकडे ऋ चा उच्चार ‘रि’. त्यामुळे कुणाला तरी वाटलं, कानाला ‘ब्रि’ येतंय म्हणजे मुळात ‘बृ’ असणार. क्रिष्ण ऐकू येतं आणि कृष्ण लिहितात, त्याच चालीवर. तेव्हा ‘बृज’ हे मूळ रूप नव्हे, मूळ दिसावं म्हणून नंतर चढवलेला मुकुट आहे.

मराठीत तर हा मुकुट डोळ्यांवर येतो. आपण ऋ ‘रु’ म्हणतो. बृजभूषण लिहिलंत की इथला वाचक ‘ब्रुजभूषण’ वाचणार. जोधपूरच्या माणसाचं नाव असं वाचायचं?

शुद्ध_बुद्ध :
ती पोस्ट माझी. मुकुट वगैरे ठीक आहे, पण ‘वृजन’ शब्द ऋग्वेदात आहे, अर्थ कुंपणाची, बंदिस्त जागा. गोठ्याशी जुळतो की नाही? वृज-बृज सरळ येतं. आणि हिंदी वर्तमानपत्रं सर्रास ‘बृज’ लिहितात. ती सगळी चूक आणि तुम्ही बरोबर?

तिसरी_तार :
वृजन आहे, मान्य. आता ‘वृजनभूषण’ किंवा ‘वृजनमोहन’ नावाचा एक माणूस दाखवा. व्रजमोहन, व्रजनाथ, व्रजलाल मी दाखवतो. काबरा पुढे अहमदाबादला राहिले, २०१८ साली गेले तेही तिथेच. त्या गुजरातेत व्रजलाल गल्लोगल्ली सापडतील, ‘व’ शाबूत ठेवून. आणि घरातली नावं बघा : वडील गोवर्धनलाल, सरोदवाले भाऊ दामोदरलाल, हे ब्रिजभूषण. तिन्ही कृष्णाची. गोवर्धन डोंगर तर व्रजातलाच. वडिलांचं नाव डोंगरावरून आणि मुलाचं ऋग्वेदातल्या कुंपणावरून, असं कोण ठेवतं?

वेलांटी :
दोघेही चुकताय. मराठीत अकारान्त शब्दाचा उपान्त्य इकार दीर्घ : वकील, गरीब, जमीन. म्हणजे लिहायचंच तर ‘ब्रीज’.

तिसरी_तार :
उपान्त्य म्हणजे शेवटून दुसरं. ब्रि-ज-भू-ष-ण. शेवटून दुसरा ‘ष’. त्याला काय दीर्घ करणार?

वेलांटी :
सुटं लिहिलं तर?

तिसरी_तार :
सुटं लिहू नका. रेकॉर्डच्या कव्हरवरही रोमन लिपीत एकाच दमात ‘ब्रिजभूषण’ आहे.

होरीवाला :
‘ब्रजचं ब्रिज झालं’ हे तुम्ही एका वाक्यात उरकलंत, खरी मेख तिथेच आहे. होरीत (होळीच्या गाण्यात), ठुमरीत ‘बिरज’ म्हणतात. जोडाक्षर फोडून मध्ये ‘इ’ भरायची, प्रीतचं पिरीत होतं तसं. ब्रिजमोहन मिश्रांचे बिरजू महाराज झाले ते याच वाटेने. म्हणजे ‘इ’ ब आणि र यांच्या मधली. ती ‘र’च्या पुढे सरकली की ब्रिज. तेव्हा ‘ब्रिज’ अशुद्ध नाही, जिवंत उच्चार आहे. तुमचं व्रज पोथीत ठेवा.

तिसरी_तार :
मी ब्रिजला अशुद्ध म्हटलंच नाही. बृजला म्हटलं. पण बिरजचा मुद्दा चांगला आहे, हे कबूल करायला जड जातंय.

घोडीवाला :
इतकी मारामारी कशाला? तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीला इंग्रजीत ब्रिजच म्हणतात. गिटारवादकाचं नाव ब्रिजभूषण, म्हणजे घोडीचा दागिना. विषय संपला. :)

एक मात्र सांगतो. परवाच्या पोस्टमध्ये ‘स्टीलची गिटार’ असं छापलंय, त्यावर कुणी बोललं नाही. गिटार सहसा लाकडाचीच असते. स्टील म्हणजे डाव्या हातातला, तारांवरून सरकवायचा पोलादी बार. काबरांची गिटार गिब्सन सुपर ४००, पोकळ पोटाची, वर एफ-होल (इंग्रजी f च्या आकाराची भोकं). तारा उचलून आडवी घेतली की ती ‘स्टील गिटार’.

ओपन_ए :
नटवर (खुंट्यांकडच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) तारांखाली उंचवटा बसवला की झाली हवाईयन, म्हणजे आडवी ठेवून बारने वाजवायची गिटार. दहा मिनिटांचं काम.

घोडीवाला :
दहा मिनिटांत होते ती खरखर. नट सपाट केलात आणि घोडी तशीच ठेवलीत तर? आर्चटॉपची (असल्या फुगीर पाटीच्या गिटारची) घोडी कमानदार असते, मधल्या तारा उंच, कडेच्या खाली. बार सरळ. तो मधल्या तारांवर टेकतो, कडेच्यांना नीट लागत नाही. नटाजवळच्या फ्रेटांवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) नटाचा सपाटपणा सांभाळून घेतो, पण बाराव्या फ्रेटच्या पुढे घोडी जवळ येते आणि पहिली तार झणझणायला लागते. लोक तारेला दोष देतात, नवी घालतात, पुन्हा तेच. घोडीचा माथा नटाइतकाच सपाट घासून घ्या. नटाशी तारा फ्रेटपासून साधारण एक सेंटीमीटर वर असू द्या, म्हणजे बार दाबला तरी तार फ्रेटला लागत नाही. आणि बार फ्रेटच्या मागे नाही, बरोबर डोक्यावर. साध्या गिटारवरून आलेले सगळे इथेच बेसूर होतात.

ओपन_ए :
बारमागची बोटं विसरलात. अनामिका आणि करंगळी बारच्या मागे तारांवर हलकी टेकलेली हवीत, नाहीतर बारच्या नटाकडच्या बाजूची तार वेगळाच सूर गुणगुणते. घोडी कितीही घासा.

घोडीवाला :
ते पहिल्या दिवशीच शिकवतात, म्हणून लिहिलं नाही. तुमचं हवाईयन ट्यूनिंग जास्त त्रासदायक आहे. लो बेस लावायचं आणि त्यावर राग वाजवायचा हट्ट.

ओपन_ए :
काय वाईट आहे लो बेसला? जाड तारेपासून ई-ए-ई-ए-सी शार्प-ई. ‘ए’ षड्ज धरला की प-सा-प-सा-ग-प. कोलकात्याच्या पिढ्यान् पिढ्या त्यावर वाजल्या.

घोडीवाला :
रवींद्रसंगीत आणि फिल्मी धुना वाजल्या. मालकंस वाजवून दाखवा. पंचम वर्ज्य, गंधार कोमल. तुमच्या सहा मोकळ्या तारांपैकी तीन पंचमाच्या आणि एक शुद्ध गंधाराची. छेडल्या नाहीत तरी त्या आतून घुमतात. पंचमाच्या तारा पूर्ण स्वर उतरवून मध्यमावर आणल्यात तर ढिल्या पडतात, बारखाली लोळतात. मग एक गेज जाड तारा चढवा. एका रागासाठी निम्मा सेट बदला. हे ट्यूनिंग आहे की शिक्षा?

ओपन_ए :
साहेब, षड्ज ‘ए’वरच हवा असं कुणी सांगितलं? ‘ई’ला सा म्हणा. मग ‘ए’ आपोआप मध्यम. राहिली दुसरी तार, सी शार्प, म्हणजे शुद्ध धैवत. ती अर्धा स्वर उतरवून सी करा, झाला कोमल धैवत. जाड तारेपासून सा-म-सा-म-ध-सा. सहाच्या सहा मालकंसात. एकच खुंटी, तीही अर्ध्या स्वरापुरती. तार बदलायची गरज नाही.

शुद्ध_बुद्ध :
इथे नावाबद्दल चर्चा चालली होती ना?

घोडीवाला :
थांबा हो, वहीवर मांडून बघतोय.

घोडीवाला :
बरोबर आहे. बसतंय. पण सा पांढरी तीनवर (म्हणजे ‘ई’वर) गेला. आता तेवढ्या चढ्या सुराचा तबला घेऊन येणारा गाठा, त्याचं भाडं तुम्ही द्या.

ओपन_ए :
माफी असली तर अशीच येणार, माहीत होतं.

होरीवाला :
तबल्यावरून आठवलं. त्या रेकॉर्डवर १९६७ साली तबला माणिकराव पोपटकरांनी वाजवला. संतूर शिवकुमार शर्मांचं, बासरी हरिप्रसाद चौरसियांची, गिटार काबरांची, इतकं सगळ्यांना पाठ. पोपटकरांच्या नावात एकही जोडाक्षर नाही, तरी ते कुणी चुकवतही नाही आणि घेतही नाही.

तरफदार :
नावांचाच धागा आहे तर ‘मोहन वीणा’चंही बोला. विश्वमोहन भट्टांच्या गिटारला (तीन मुख्य तारा, पाच साथीच्या, आणि न छेडता आपोआप घुमणाऱ्या बारा तरफा) मोहन वीणा म्हणतात. पण सरोदवादक राधिकामोहन मैत्रांनी सरोदावरून बेतलेलं एक वाद्य आधीच होतं आणि त्याला हेच नाव संगीतशास्त्री ठाकूर जयदेवसिंहांनी दिलेलं. ग्रॅमी १९९४ साली एका मोहनाला मिळालं, दुसऱ्याची वीणा अडगळीत. वेलांटीवर भांडणाऱ्यांना याचं काहीच कसं वाटत नाही?

तिसरी_तार :
वाटतं, पण वेगळा धागा काढा. इथे ‘ब’ आणि ‘व’चं दळण संपत नाहीये. काबरांचेच शिष्य, गिटारवादक देबाशीष भट्टाचार्य, ते मूळ देवाशीष. बंगालीत व चा ब होतो. आपल्याकडचा एकही संपादक त्यांना ‘देवाशीष’ करत नाही, आणि बरोबर करतो, माणूस सांगतो ते नाव लिहायचं. मग काबरांना का सुधारायला जाता?

शुद्ध_बुद्ध :
ठीक. ‘बृज मूळ संस्कृत’ हे वाक्य पोस्टमधून काढतो. पण देवनागरीत त्यांनी स्वतः कसं लिहिलं, हे तुम्हीही दाखवलेलं नाही. तोवर मी बृजच लिहिणार.

तिसरी_तार :
लिहा. मोठ्याने वाचू नका.

वेलांटी :
व्यवहाराचं बोलू का? ज्यांच्याकडे रेकॉर्डी किंवा फाइली आहेत त्यांच्यासाठी. अकारविल्हे लावलं तर ‘बृज’ हा ‘बेगम’च्याही आधी येतो आणि ‘ब्रिज’ थेट ‘बौ’च्या पुढे, जोडाक्षरांत. संगणकालाही हे दोन वेगळे शब्द : एकात ब ला ऋकार, दुसऱ्यात ब, हलन्त, र, वेलांटी. एक शोधलंत तर दुसरं सापडणार नाही. नोंद ‘काबरा’खाली करा आणि पुढे तिन्ही रूपं घाला. आणि कृपा करून ‘कब्रा’ लिहू नका, तेही पाहिलंय.

ओपन_ए :
घोडीवाले, ती घोडी घासताना माथा किती ठेवायचा? आणि हाड की शिसवी?

घोडीवाला :
हाड. माथा तीन मिलिमीटर पुरे. त्याहून रुंद ठेवलात तर सतारीसारखी जवारी काढावी लागेल (सूर नीट निघावा म्हणून घोडीचा माथा बारीक घासावा लागेल). आणि घोडी चिकटवू नका, आर्चटॉपला ती तारांच्या दाबावरच उभी असते. सगळ्या तारा एकदम सोडल्यात तर घसरेल, जागा पेन्सिलीने आखून ठेवा.