प्लेगनंतर युरोपात चर्चवरची श्रद्धा उडाली की वाढली?

पंचवटीकर
आमच्या आजेसासूबाई सांगायच्या, घरात उंदीर पडायला लागले की माणसं गाव सोडून शेतात झोपड्या बांधून राहायची. मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडायची. १३४७ च्या साथीत युरोपातल्या लोकांनी काय केलं? मुलीच्या पुस्तकात 'चर्चचा प्रभाव कमी झाला' एवढंच वाक्य आहे. मी तिला काय सांगू?

नाशिकरोडचे सर
ताई, मुलांना हे वाक्य पाठ करायला लावतात याचं मला फार वाईट वाटतं. तिला इंग्लंडमधल्या बाथ आणि वेल्सच्या बिशपांचं, म्हणजे तिथल्या मुख्य धर्मगुरूंचं, जानेवारी १३४९ मधलं पत्र सांगा. मरणाऱ्याचा पापांचा कबुलीजबाब धर्मगुरूनेच ऐकायचा, ही तिथली रीत. पण रोग्याजवळ जायला धर्मगुरूच मिळेनात. तेव्हा बिशपांनी कळवलं: कोणाही साध्या माणसापुढे कबुली द्या, पुरुष नसेल तर बाईपुढेसुद्धा! शेकडो वर्षांचा नियम एका पत्राने सैल झाला. लोकांची देवावरची श्रद्धा शाबूत होती, मधला माणूस मात्र नाहीसा झाला होता.

आणि स्ट्रासबर्ग विसरू नका, आज फ्रान्समध्ये असलेलं शहर. ज्यूंनी विहिरीत विष कालवलं अशी आवई उठली आणि १४ फेब्रुवारी १३४९ ला तिथे शेकडो ज्यूंना जिवंत जाळलं. तेव्हा प्लेग त्या शहरात पोचलाही नव्हता. पोप सहावे क्लेमेंट आदल्या वर्षीच बजावत होते की ज्यूही याच रोगाने मरताहेत. कोणी ऐकलं नाही. या पोपचं नाव पुस्तकात यायलाच हवं.

सिडकोवासी
सर, पण दानधर्म तर वाढला ना? इटलीतल्या फ्लोरेन्सच्या ओर्सानमिकेले या धर्मादाय मंडळाला मृत्युपत्रांतून अफाट पैसा आला. प्रभाव कमी झाला कसं म्हणायचं?

नाशिकरोडचे सर
बरोबर आहे तुमचं. पैसा आला, पण माणसं कुठून आणायची? इंग्लंडमधल्या लेस्टरचा बखरकार हेन्री नाइटन लिहितो की बायका साथीत गेलेले विधुर घाईने धर्मगुरू झाले, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना लॅटिन, म्हणजे चर्चची भाषा, धड येत नव्हतं. पुढे १३७९ मध्ये ऑक्सफर्डला न्यू कॉलेज निघालं, तेही शिकलेल्या धर्मगुरूंची ही तूट भरून काढायला.

पंचवटीकर
सर, ते बिशपांचं पत्र आज रात्रीच तिला सांगते.