स्टोन टाउनचे श्रेय नेमके कोणाचे?

भरतीओहोटी: ‘झांजिबारचे स्टोन टाउन हे भारतीयांनी आफ्रिकेत वसवलेले शहर आहे’ असे परवा येथे एका सदस्याने लिहिले आणि त्यावर सर्वांनी माना डोलावल्या, म्हणून हे सविस्तर उत्तर. प्रवाळाचा दगड, चुना आणि खारफुटीचे वासे यांनी घरे बांधण्याची रीत स्वाहिली किनाऱ्यावर, म्हणजे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, कितीतरी शतके जुनी आहे. त्याच किनाऱ्यावरील किलवाची मोठी मशीद पाहावी. वासा जेवढा लांब तेवढीच खोली रुंद, ही मर्यादा झांजिबारवर राज्य करणाऱ्या ओमानी सरदारांनाही पाळावी लागली आणि कच्छी व्यापाऱ्यांनाही. आपल्या लोकांनी त्या शहरात भर घातली, ते वसवले नाही.

देवडी: ती भर वगळली, तर गल्ल्यांत पाहण्यासारखे काय उरते? ओमानी घर बाहेरून सपाट असते आणि आतल्या चौकाकडे तोंड करून बसते. तळमजल्यावर रस्त्याकडे उघडणारे दुकान, वर बिऱ्हाड आणि पुढे नक्षीदार सज्जा ही रचना आपली आहे. भारतीय व्यापारी थारिया तोपन यांनी १८८७ साली पायाभरणी केलेल्या जुन्या दवाखान्याचे सज्जे काय मस्कतहून आले? खुद्द झांजिबारचा सुलतान बर्घाश १८५९ च्या बंडानंतर मुंबईत हद्दपारीत राहिला होता. १८८३ च्या बेत-अल-अजाइब राजवाड्याचे प्रशस्त व्हरांडे त्याला कोठे सुचले असतील, हे सांगायला नको.

भरतीओहोटी: सुचले असतील, हा पुरावा नव्हे. शिवाय या सज्ज्यांमागचा पैसा कोठून आला, हे कोणी बोलत नाही. बंदराच्या जकातीचा मक्ता अनेक दशके कच्छी व्यापारी जयराम शिवजींच्या पेढीकडे होता, आणि १८७३ साली गुलामांचा बाजार बंद होईपर्यंत त्या बंदरात माणसेही विकली जात. लवंगांच्या मळेवाल्यांना कर्जे देणारे सावकारही आपलेच होते.

म्हापशेकर: हा सूर मला असह्य होतो. माझे आजोबा गोव्याहून जाऊन तेथे शिंपीकाम करत होते आणि १९६४ च्या क्रांतीनंतर शिलाईयंत्रसुद्धा मागे ठेवून परतले. त्यांच्या वाट्याला ना जकात आली, ना सज्जा. तरीही प्रत्येक चर्चेत ‘भारतीय’ म्हटले की शेठ-सावकारच का आठवतात?

भरतीओहोटी: आपल्या आजोबांकडे कोणी हिशेब मागितलेला नाही, तो पेढ्यांकडे मागितला आहे. उलट शिंपी, सुतार, कारकून यांना विसरून सगळे श्रेय धनिकांना देणारी ती मूळ नोंदच आपल्याला खटकायला हवी होती.

म्हापशेकर: खटकली होतीच; पण आपली त्याहून जास्त खटकली.

देवडी: ठीक आहे, भिंती स्वाहिली आहेत हे मान्य, आपले समाधान झाले असेल. दवाखान्याचे सज्जे मात्र मी सोडणार नाही.

भरतीओहोटी: खुशाल ठेवा. मात्र आपल्या उत्तरात ते सज्जे कोरणाऱ्या सुतारांचा साधा उल्लेखही नाही, शेठजींचे नाव तेवढे आले आहे.