'हाऊंड डॉग' एल्विसचं म्हणणं आता थांबवूया

तबकडीवाला (धागालेखक)

रॉक अँड रोलबद्दल मराठीत काहीही लिहून आलं की 'हाऊंड डॉग' हमखास एल्विस प्रेस्लीच्या नावावर जमा होतं. हे गाणं कृष्णवर्णीय गायिका विली मे 'बिग मामा' थॉर्नटनचं आहे. १३ ऑगस्ट १९५२ रोजी लॉस एंजेलिसच्या रेडिओ रेकॉर्डर्स स्टुडिओत तिने ते गायलं, एल्विसच्या जवळजवळ चार वर्षं आधी. बँड जॉनी ओटिसचा, ड्रम्सवर तो स्वतः आणि गिटारवर पीट लुईस. १९५३ मध्ये ह्यूस्टनच्या पीकॉक कंपनीने तबकडी काढली आणि ती ऱ्हिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीताच्या, यादीत सात आठवडे अव्वल राहिली.

एका ऐतखाऊ पुरुषाला दाराबाहेर काढणाऱ्या बाईचं हे गाणं. थॉर्नटन गुरगुरते, गिटारवाल्याला मध्येच चिथावते, आणि शेवटी अख्खा बँड कुत्र्यांसारखा भुंकतो. एवढ्या यशानंतर तिच्या हाती काय आलं? ती सांगायची, ५०० डॉलरचा एक चेक. पुढे दमडी नाही. एल्विसने आयतं उचललं आणि जग जिंकलं.

मध्यरात्र_रेडिओ

'आयतं उचललं' याला माझा ठाम विरोध. एल्विसने थॉर्नटनची नक्कल केलीच नाही. फ्रेडी बेल अँड द बेलबॉइज नावाच्या टोळीने १९५५ मध्ये फिलाडेल्फियाच्या टीन कंपनीसाठी हे गाणं नव्या शब्दांत ध्वनिमुद्रित केलं होतं. एप्रिल-मे १९५६ मध्ये एल्विस लास व्हेगासला न्यू फ्रंटियर हॉटेलात कार्यक्रम करत होता, त्या मुक्कामात त्याच शहरात त्याने बेलला ऐकलं. 'तू कधी ससासुद्धा पकडला नाहीस' ही प्रसिद्ध ओळ बेलकडून आली, थॉर्नटनच्या गाण्यात ती नाहीच.

आणि मेहनत म्हणाल तर २ जुलै १९५६ ला न्यूयॉर्कच्या आरसीए स्टुडिओत एल्विसने तिसाच्या वर टेक दिले. मनासारखं होईपर्यंत तो थांबायला तयार नव्हता. डी. जे. फाँटानाचे ड्रम्स ऐका, प्रत्येक कडव्यानंतर गोळ्या झाडल्यासारखे! स्कॉटी मूरची गिटार त्यावर अक्षरशः ओरबाडत जाते. थॉर्नटनच्या तबकडीत यातलं काहीच नाही. तिची चाल संथ, टाळ्यांवर डुलणारी. ही दोन वेगळी गाणी आहेत.

तबकडीवाला

बेलचा मुद्दा मान्य, पण माझी तक्रार तिथेच तर आहे. बेलने शब्द 'स्वच्छ' केले, म्हणजे त्यातली बाईच काढून टाकली. उरलं काय? ससा न पकडणारा कुत्रा. जेरी लीबरला, म्हणजे मूळ गीतकारालाच, ते बदललेले शब्द निरर्थक वाटायचे. १ जुलैला स्टीव्ह ॲलनच्या टीव्ही कार्यक्रमात एल्विसला सूट घालून खऱ्याखुऱ्या बॅसेट हाऊंड कुत्र्यासमोर उभं करून हे गाणं गायला लावलं. बाईचा संताप कुठून कुठे पोचला बघा.

स्वरवेडी

लीबरचं नाव निघालंच आहे तर ज्याविषयी दोघेही बोलत नाही आहात ते सांगते. गाणं लिहिलं जेरी लीबर आणि माइक स्टोलर या दोन ज्यू पोरांनी, दोघेही १९ वर्षांचे. ओटिसने थॉर्नटनला ऐकायला बोलावलं, ती त्यांच्या डोक्यात बसली आणि काही मिनिटांत गाणं तयार झालं. थॉर्नटनने आधी ते हळुवार भावगीतासारखं धरलं. लीबरने, हे असं नको, म्हटल्यावर ती भडकली, मग त्याने स्वतः गाऊन दाखवलं. तेव्हा 'काळ्यांचं गाणं गोऱ्याने चोरलं' हे सूत्र इथे बसत नाही.

पण तबकडीवाले, गाणं तिच्यासाठी, तिच्या अंगकाठीवर आणि आवाजावर बेतलं होतं, हेही तितकंच खरं. त्या अर्थाने मी तुमच्या बाजूने आहे.

अवांतर : जुलै १९५६ मध्ये स्टोलर 'आंद्रेया दोरिया' जहाजावर होता. जहाज बुडालं, तो वाचून न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरला, तर लीबर खबर घेऊन उभा : 'हाऊंड डॉग' गाजतंय, कुणा एल्विस प्रेस्लीचं.

मध्यरात्र_रेडिओ

मग पैशांचंही बोलूया. पीकॉकचा मालक डॉन रोबी स्वतः कृष्णवर्णीय होता. थॉर्नटनला कमी मिळालं ते त्याच्याकडून. लीबर-स्टोलरना त्याने दिलेला चेकही वटला नाही. मात्र मेम्फिसच्या सन कंपनीने रूफस थॉमसकडून 'बेअर कॅट' हे उत्तरादाखल गाणं काढलं, तेव्हा हाच रोबी कोर्टात गेला आणि जिंकला. ओटिसनेही गीतकार म्हणून वाटा मागितला, १९५७ मध्ये कोर्टाने तो नाकारला. या सगळ्या हिशेबात एल्विसचा दोष कुठे आहे?

तबकडीवाला

रोबीला मी मुळीच सोडत नाही. पण त्या काळी अमेरिकेत याद्याच वेगळ्या होत्या. थॉर्नटनचं गाणं सात आठवडे अव्वल असूनही 'ऱ्हिदम अँड ब्लूज'च्या कप्प्यात राहिलं. एल्विसची तबकडी, मागच्या बाजूच्या 'डोन्ट बी क्रूएल'सह, मुख्य यादीत ११ आठवडे शिखरावर. राष्ट्रीय टीव्हीचे दरवाजे कुणासाठी उघडे होते? एल्विस हे दार बांधायला गेला नव्हता, मान्य. आत मात्र तो गेला, आणि ती बाहेर राहिली.

स्वरवेडी

हे पटलं. फक्त धाग्याचं शीर्षक बदला. एल्विसचं 'हाऊंड डॉग' एल्विसचंच आहे, फाँटानाच्या त्या ड्रम्ससकट. लेखात नाव टाकताना थॉर्नटन आणि १९५२ आधी लिहा, बेल मध्ये, एल्विस नंतर.

मध्यरात्र_रेडिओ

या क्रमाला माझी हरकत नाही. 'उचललं' हा शब्द मात्र मागे घ्या.

तबकडीवाला

शीर्षक बदलतो. 'उचललं' राहू द्या, बेलकडून तर उचललंच.