व्हॅली फोर्जचे सैनिक उपाशी का राहिले?

निपाणीकर_बाबा:
नमस्कार मंडळी. पोरगी फर्स्ट पीयूसीला आहे, तिला अमेरिकेची क्रांती आलीय म्हणून मीपण वाचालोय. 1777 च्या डिसेंबरात इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या अमेरिकन सैन्याचा सेनापती वॉशिंग्टननं पेनसिल्व्हेनियातल्या व्हॅली फोर्जला छावणी टाकली, अकरा-बारा हजार माणूस, आणि जूनपर्यंत त्यातले साधारण 2000 गेले, गोळी लागून नव्हे तर ताप आणि हगवणीनं. पण पेनसिल्व्हेनिया तर गव्हाचा मुलूख, मग आपल्याच लोकांत बसून सैन्य उपाशी कसं काय राहतं? पोरगीनं विचारलं, मला सांगता आलं नाही.

खानापूरचा_फौजी:
मी मराठा लाइट इन्फंट्रीत होतो. सिक्कीमला बर्फात पोस्टिंग असताना आमचे हवालदार रोज रात्री टॉर्च मारून प्रत्येकाच्या पायाची बोटं बघायचे, मोजा ओला असला की तिथंच बदलायला लावायचे, पाय गेला की जवान गेला. 23 डिसेंबरला वॉशिंग्टननं काँग्रेसला, म्हणजे तिथल्या तेरा राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेला, कळवलं की 2898 माणसं ड्युटीच्या लायक नाहीत, पायात काही नाही, अंगावर धड कपडा नाही. हा आकडा वाचला की गलबलून येतं. आणि खायला काय, तर कणीक पाण्यात कालवून निखाऱ्यावर भाजलेली, बस्स.

शहापूर_पेठ:
निपाणीकर, धान्य होतं ओ, पैसा नव्हता. काँग्रेसला टॅक्स बसवायचा अधिकारच नव्हता, तेरा राज्यांपुढं हात पसरायचे आणि राज्यं आपापलं बघायची, मग नोटा छापल्या, छापतच गेले, शेवटी मार्च 1780 ला त्यांनीच कबूल केलं की 40 कागदी डॉलरला चांदीचा 1. आणि इंग्रज फिलाडेल्फियात, छावणीपासून तीसेक किलोमीटरवर, रोख सोनं-चांदी मोजत बसलेले. आता शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. आमचा ऊस एका साली कारखान्याला घातला, वर्षभर बिल आलं नाही, सोसायटीचं व्याज चढतंय आणि आई रोज पासबुक भरून आणायला पाठवतीया. पुढच्या साली वडिलांनी सगळा ऊस गुऱ्हाळाला दिला, भाव कमी पण संध्याकाळी हातात नोटा. इंग्रजांना धान्य विकणाऱ्या त्या शेतकऱ्यांना मी तरी सरसकट फितूर म्हणणार नाही. शिवाय जे धान्य मिळायचं ते आणायला गाड्या-घोडी नव्हती, मार्च 1778 ला वॉशिंग्टनचा जनरल नॅथॅनिएल ग्रीननं पुरवठ्याचं काम हातात घेतलं तेव्हा कुठं घडी बसली.

टिळकवाडीचा_वाचक:
पगाराचं पण सांगतो. 1 जानेवारी 1781 ला पेनसिल्व्हेनियाच्या पलटणी बंड करून उठल्या, वर्षभर पगार नाही आणि तीन वर्षांची बोली संपली तरी घरी सोडेनात. इंग्रजांनी माणसं पाठवून थकलेला पगार आम्ही देतो म्हणून आमिष दाखवलं. त्या पोरांनी ती दोन माणसं धरून आपल्याच अधिकाऱ्यांकडं दिली, दोघं फासावर गेले. पोरगीला हे नक्की सांगा.

निपाणीकर_बाबा:
सांगितलं. उसाचं तर तिला लगेच कळालं, आमच्या घरी पण तेच झालेलं. आता विचारतीया, मग जिंकले कसे?

शहापूर_पेठ:
फ्रान्सच्या पैशावर, आरमारावर आणि फौजेवर. सप्टेंबर 1781 ला यॉर्कटाऊनकडं जाताना सैनिक पगारावरनं कुरकुरायला लागले, तेव्हा काँग्रेसचा खजिना सांभाळणाऱ्या रॉबर्ट मॉरिसनं फ्रेंच सेनापती रोशांबोकडनं नाणी उसनी घेतली आणि एका महिन्याचा पगार रोख वाटला, कित्येकांनी कित्येक वर्षांत पहिल्यांदा खरा पैसा हातात धरला. 19 ऑक्टोबरला तिथं इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसची फौज शरण आली.