उत्प्रेरक, संप्रेरक आणि आढीतला वायू

खानापूर
मी मराठी शाळेत विज्ञान शिकवते. भित्तिपत्रकासाठी मजकूर लिहायला घेतलाय. फळं पिकताना एथिलीन वायू सुटतो आणि तो अगदी थोडा असला तरी रासायनिक युक्तीने ओळखता येतो, असा विषय आहे. तीन शब्दांपाशी गाडी अडली. 'कॅटॅलिस्ट'ला उत्प्रेरक लिहू की वेगवर्धक? शेजारची कन्नड माध्यमातली मुलं वेगवर्धक म्हणतात, आणि आमच्या मुलांना तो शब्द ऐकून ठाऊक आहे. 'ट्रेस'ला काय लिहायचं? आणि 'डिटेक्ट करणे'ला शोधणे चालेल का?

निपाणी
एवढं अवघड कशाला, बाई? विरजण म्हणा की. चमचाभर घातलं की पातेलंभर दूध लागतंय. पोरांना लगेच कळेल.

शहापूर, बेळगाव
विरजण नको, असं माझं स्पष्ट मत आहे. विरजणातले जिवाणू दुधातली साखर खाऊन वाढतात आणि दह्यातच राहतात. उत्प्रेरकाचं तसं नसतं. तो क्रियेत भाग घेतो, मधल्या टप्प्यावर बदलतोही, पण शेवटी आपल्या मूळ रूपात परत येतो. मुलांच्या डोक्यात एकदा विरजण बसलं की 'परत येतो' हे नंतर सांगून बसत नाही.

वेगवर्धक हा शब्द चुकीचा नाही. संस्कृतातलाच आहे, कन्नडात रुळलाय. पण तो फक्त वेगाबद्दल बोलतो, आणि बाईंच्या विषयात वेग ही मुख्य गोष्टच नाही. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत टिमथी स्वॅगर यांच्या गटाने एथिलीनसाठी जो संवेदक केला, त्याचं काम पाहा. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांवर पॅलेडियम हा उत्प्रेरक बसवलेला असतो. एथिलीनचा रेणू आला की त्याला ऑक्सिजन जोडला जातो. रसायनशास्त्रात ही क्रिया वॅकर ऑक्सिडेशन म्हणून जुनी आहे. या क्रियेत पॅलेडियमकडे काही काळ जादा इलेक्ट्रॉन येतात. ते तो नळ्यांना देतो, नळ्यांची वीज वाहण्याची क्षमता बदलते, आणि तो बदल आपण मोजतो. म्हणजे उत्प्रेरकाची ती मधली, बदललेली अवस्था हीच इथे बातमी आहे. एकच पॅलेडियम हे पुन्हा पुन्हा करू शकतो, म्हणून अब्जात १५ भाग इतका कमी एथिलीनही कळतो. कार्नेशनची फुलं उमलताना किती वायू सोडतात, हे त्यांनी असंच मोजलं.

खाणीतल्या मिथेनसाठी वापरतात त्या संवेदकाचंही तेच तत्त्व, फक्त तिथे खूण उष्णतेची. तापलेल्या मण्यावर पॅलेडियम किंवा प्लॅटिनम असतं, त्यावर वायू जळतो, आतली प्लॅटिनमची तार आणखी तापते आणि तिचा रोध वाढतो. इंग्लंडच्या हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने १८१७ मध्ये प्लॅटिनमची तार वायूत ज्योतीशिवाय लाल होताना पाहिली होती, तिथपासूनचा हा धागा.

तेव्हा 'उत्प्रेरक' लिहा. त्यात प्रेरणा आहे, घडवून आणणं आहे. स्वीडनच्या बर्झेलियस या रसायनशास्त्रज्ञाने १८३५ मध्ये 'कॅटॅलिसिस' हा मूळ शब्द काढला तो ग्रीकमधल्या 'सोडवणे, सैल करणे' यावरून. आपल्या शब्दाने ते उचललं नाही, स्वतःची वाट धरली, आणि मला ती जास्त नेमकी वाटते.

एक सावधगिरी मात्र हवीच. याच मजकुरात तुम्हाला 'संप्रेरक', म्हणजे हॉर्मोन, हेही लिहावं लागणार. एथिलीन हे वनस्पतींचं संप्रेरक, त्याला ओळखणारं पॅलेडियम उत्प्रेरक. एका उपसर्गाचा फरक, आणि घाईत वाचणारा मुलगा नक्की गोंधळणार. दोन्ही शब्द एकाच वाक्यात येऊ देऊ नका.

अथणी
'ट्रेस'साठी लेश. विज्ञानाच्या मराठीत लेश मूलद्रव्ये म्हणतातच. पण आकडा लिहाल तिथं पीपीएमच ठेवा. आमच्याकडं द्राक्षाला जीए (जिबरेलिक आम्ल) मारणारा प्रत्येक माणूस पीपीएम बोलतोय, 'दशलक्षात भाग' कुणाच्या तोंडी नाही. फळं पिकवायच्या खोलीत एथिलीन १०० पीपीएमपर्यंत ठेवायला परवानगी आहे. व्यापारी तसंच सांगतात.

निपाणी
कार्बाईडचा वायू तोच का?

अथणी
नाही. त्याचा अ‍ॅसिटिलीन. आणि फळं पिकवायला कार्बाईडवर बंदी आहे, तेही भित्तिपत्रकावर येऊ द्या.

शहापूर, बेळगाव
शोधणे टाळा. 'एथिलीनचा शोध लावणारं यंत्र' वाचलं तर एथिलीन पहिल्यांदा सापडला असं वाटतं. 'छडा लावणे'मध्ये पोलीस येतात. मला 'सुगावा लागणे' आवडतं, कारण गोष्ट समोर नसताना तिची खूण मिळणं हा त्याचा अर्थच आहे. शीर्षकात ते घ्या, आत 'ओळखणे' वापरा. दुरुस्तीवाले 'सेन्सर गॅस पकडतो' म्हणतात, तेही अस्सल मराठी आहे, मुलांच्या तोंडी येऊ द्या.

आणखी एक. कन्नडात वायूला 'अनिल' म्हणतात. गॅसच्या गाडीवर मुलं ते रोज वाचतात. आपल्याकडे अनिल म्हणजे वारा, किंवा वर्गातला एखादा मुलगा. तुम्ही 'वायू'च ठेवा, पण कन्नड शब्द कडेला द्या. इथल्या मुलांना पुढे दोन्ही पुस्तकं उघडावी लागतात.

खानापूर
सर्वांची आभारी आहे. असं लिहिते आहे, बघा:

'आढीत पिंजराखाली आंबे झाकले की एका पिकलेल्या आंब्याचा एथिलीन बाकीच्यांना लागतो. पिंजर तो वायू आणि ऊब धरून ठेवतं. हा वायू म्हणजे झाडांचं संप्रेरक.

आंब्याला पाड लागला हे आजी वासावरून सांगते. एथिलीनचा लेश मात्र नाकाला कळत नाही. त्याचा सुगावा लागतो पॅलेडियमला. पॅलेडियम हा उत्प्रेरक आहे: तो क्रिया घडवून आणतो, मध्ये थोडा बदलतो, आणि पुन्हा पहिल्यासारखा होतो.'

शहापूर, बेळगाव
छान झालंय. 'बाकीच्यांना लागतो'च्या जागी 'बाकीच्यांना पिकायला लावतो' करा. 'लागतो'ने आंबा नासल्यासारखं वाटतं.