दाव्याला बाहेरचा पैसा लावतात, त्याला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न

एका कराराचं भाषांतर करतेय आणि मथळ्यावरच अडले आहे. बाहेरची एक कंपनी वादीचा सगळा खर्च उचलणार आहे : वकिलाची फी, कोर्ट फी, तज्ज्ञांचं मानधन. दावा जिंकला तर मिळालेल्या रकमेत कंपनीचा वाटा. हरला तर वादीने एक पैसाही परत करायचा नाही. इंग्रजीत याला ‘लिटिगेशन फंडिंग’ म्हणतात. मराठीत ‘खटला अर्थसाहाय्य’ सुचतं, पण मला ते मुळीच पटत नाही. अर्थसाहाय्य विहिरीला मिळतं, शिलाई मशीनला मिळतं. सही करणाऱ्याला सगळ्यात आधी कळायला हवा तो वाटा, आणि नेमका तोच या शब्दात दिसत नाही.

प्रतिसाद

सरळ ‘दाव्यावरची सावकारी’ म्हणा की. गरजू माणूस गाठायचा आणि पैसा लावायचा, दुसरं काय आहे ते?

प्रतिसाद

सावकारी नको. सावकाराला पीक आलं काय, बुडालं काय, मुद्दल आणि व्याज हवंच असतं. इथे दावा बुडाला की पैसा बुडाला. हे कर्जच नाही.

इंग्रजी कायद्यातला जुना शब्द बघा : ‘चँपर्टी’. दुसऱ्याच्या दाव्याला उगाच बळ पुरवणं म्हणजे ‘मेंटेनन्स’, आणि ते जिंकलेल्या मालातल्या वाट्यासाठी केलं की ‘चँपर्टी’. इंग्लंडमध्ये १९६७ पर्यंत हा गुन्हा होता. शब्द आला जुन्या फ्रेंचमधल्या ‘शाँपार’वरून, तो लॅटिन ‘काम्पी पार्स’वरून, अर्थ, शेताचा वाटा. जमीनमालकाला पिकातून द्यायचा हिस्सा. म्हणजे बटईच!

आमच्याकडे मराठवाड्यात निम्म्या बटईने जमीन द्यायचे. खळ्यावर रास पडली की आजोबा पायली घेऊन बसायचे. एक पायली या ढिगात, एक त्या ढिगात. ज्या वर्षी ज्वारी करपली, त्या वर्षी बटईदाराची मेहनत गेली, पण त्याने आजोबांकडे मजुरी मागितली नाही. तुमच्या करारात दावा म्हणजे जमीन, वादी मालक, कंपनी बटईदार. ‘दावा-बटई’ लिहा. पुण्याकडचे ‘बटाई’ म्हणतील, हरकत नाही.

आणि हे आपल्याकडे बेकायदा नाही. १८७६ मध्ये राम कुमार कुंडू विरुद्ध चंदर कांत मुखर्जी या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, सांगितलं की इंग्रजांचा हा कायदा भारतात लागू नाही. मात्र करार लुबाडणारा असेल तर तो टिकणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये वकिलाला असा वाटा घ्यायची बंदी स्पष्ट केली, तिऱ्हाइताला नाही. महाराष्ट्राने तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २५ मध्ये स्वतःची दुरुस्ती केली आहे : खर्चाच्या बदल्यात वादीने दाव्यातल्या मालमत्तेचा वाटा देऊ केला असेल, तर कोर्ट त्या पैसेवाल्याला त्याच्या संमतीने वादी म्हणून सामील करून घेऊ शकतं, खर्चापोटी तारणही मागू शकतं. मग एवढ्या जुन्या व्यवहाराला ‘फंडिंग’ कशाला?

मूळ प्रश्नकर्ती

‘दावा-बटाई’ फार आवडला. वाटा आला, जोखीमही आली. पण ‘बटाईदार’ लिहिताना हात थांबला. बटाईदार म्हटला की घाम गाळणारा, बिनजमिनीचा माणूस डोळ्यांपुढे येतो. इथे उलटं आहे : पैशाची कंपनी बटाईदार, आणि नडलेला माणूस मालक. म्हणून व्यवहाराला ‘दावा-बटाई’ आणि कंपनीला ‘वाटेकरी’ असं करते. ‘तिऱ्हाईत वाटेकरी’ म्हटलं की तो भाऊबंद नाही हेही कळतं.

दुसरी अडचण खळ्यावरचीच. ब्रिटनमध्ये टपाल खात्याच्या सदोष संगणक प्रणालीमुळे चोर ठरवल्या गेलेल्या ५५५ उपडाकपालांनी दावा लावला. तिऱ्हाइताच्या पैशाशिवाय तो उभाच राहिला नसता, हे मी मनापासून मानते. डिसेंबर २०१९ मध्ये ५ कोटी ७७ लाख ५० हजार पौंडांवर तडजोड झाली. वकील आणि पैसे लावणारे यांचं देणं भागवल्यावर उरले सुमारे १ कोटी २० लाख. माणशी सरासरी वीस-बावीस हजार पौंड. ज्यांची घरं गेली, ज्यांनी तुरुंग भोगला, त्यांच्या हाती एवढंच. म्हणजे वाटणीआधी राशीतून काय काढलं जातं, ते टक्क्याइतकंच महत्त्वाचं. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने टक्केवारीवरचे असे बरेच करार अडचणीत आणले, तेव्हा पैसे लावणारे ‘लावलेल्या पैशाच्या इतक्या पट’ या हिशेबाकडे वळले. तो बटाईचा नाही, थोडा खंडाकडे, म्हणजे जमिनीच्या ठरीव भाड्याकडे, झुकणारा व्यवहार. पण खंड पीक बुडालं तरी द्यावाच लागतो, इथे दावा बुडाला तर काहीच द्यावं लागत नाही. त्याला वेगळा शब्द लागेल.

माझ्या करारातही कंपनीचा खर्च आधी, वाटणी नंतर. हे एका शब्दात कसं सांगू?

प्रतिसाद

आमच्या बटईच्या कागदांत ‘खर्च वजा जाता उरेल त्याची निम्मी वाटणी’ असं असायचं. बियाणं कोणाचं, मळणी कोणाची, हे त्याच्या वरच्या ओळीत. तुम्हीही कोणाचा कुठला खर्च ते त्या वरच्या ओळीतच लिहा.