नानांचा फॉरवर्ड आणि अष्टग्रही

नाना, ए-१०१: सावधान!! १३ एप्रिल २०२९, शुक्रवार. अपोफिस नावाचा राक्षसी दगड पृथ्वीवर आदळणार. दहा जणांना पाठवा.

वहिनी, बी-२०४: सकाळी सकाळी काय हे नाना? पोरगं परीक्षेला चाललंय.

पिंट्या, सी-३०२: आदळत नाही ओ. जवळनं जाणार, सुमारे ३२ हजार किलोमीटरवरनं.

नाना: ते लांब झालं की मग.

पिंट्या: लांब कुठलं? आपल्या डिशचा उपग्रह ३६ हजारावर असतो. त्याच्या आतनं जाणार. पण पुढची शंभर वर्षं तरी धोका नाही, असं नासानं २०२१ मध्ये मोजून सांगितलंय.

सेक्रेटरी: ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. सहा जणांचा मेंटेनन्स बाकी आहे.

नाना: जग बुडणार तर भरू कशाला?

मास्तर काका, ए-००२: १९६२ ला पण हेच ऐकलं होतं. फेब्रुवारीत मकर राशीत आठ ग्रह जमले, अष्टग्रही म्हणायचे. ३ ते ५ तारखेत प्रलय होणार म्हणून देशभर होमहवन. आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या वाड्यात आजीनं घरातलं सगळं तूप होमात घातलं. झालं काहीच नाही. पुढं महिनाभर चपाती कोरडी खाल्ली, तेवढं लक्षात आहे.

वहिनी: 😂

मास्तर काका: हसू नका, पुढं ऐका. त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिका आणि रशिया क्युबावरून खरोखरच अणुयुद्धाच्या काठावर आले. २७ तारखेला समुद्राखाली रशियन पाणबुडीत कप्तान अण्वस्त्राचा टॉर्पेडो सोडायला निघालेला. सोबतचा अधिकारी वासिली आर्खिपोव नको म्हणाला, म्हणून वाचलो. त्या दिवशी शहापुरात कुणी चमचाभर तूप घातलं नाही. आम्ही रेडिओला कान लावून चीनच्या लढाईच्या बातम्या ऐकत होतो.

पिंट्या: हे पुस्तकात नव्हतं बघा काका.

अप्पा, बी-१०३: माणसांचं सोडा. मागं बोअर मारताना लाल जांभा संपल्यावर काळा दगड लागला, आठवतंय? मशीनवाल्यानं फुटामागं भाव वाढवला. तो दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. साडेसहा कोटी वर्षांमागं आपल्या दख्खनभर तो लाखो वर्षं वाहत होता. त्याच काळात मेक्सिकोजवळ दहा किलोमीटरचा दगड पडला आणि डायनोसॉर गेले. लाव्ह्यानं किती मारलं, दगडानं किती, यावर शास्त्रज्ञ अजून भांडूलेत.

वहिनी: म्हणजे आपली बिल्डिंग प्रलयावर उभी?

अप्पा: पाया चांगला आहे पण. एक तडा नाही.

पिंट्या: मला दगडापेक्षा सूर्याची भीती वाटते. १८५९ मध्ये सौर वादळ आलं, तर तारघरातल्या लोकांना तारेतनं शॉक बसले. मार्च १९८९ मध्ये कॅनडात क्युबेकची वीज नऊ तास गेली, साठ लाख लोक अंधारात. आता तर सगळंच विजेवर चालतंय. ट्रान्सफॉर्मर जळाले तर नवे एका दिवसात मिळत नाहीत. पेट्रोल पंप बंद, एटीएम बंद, फोन बंद.

वहिनी: हिंडलग्याचा पंप बंद म्हणजे नळाला पाणी पण नाही.

मास्तर काका: पाण्याविना माणसं पाच दिवस सुद्धा शहाण्यासारखी वागत नाहीत. आपल्या गल्लीत टँकर आला की बघा.

सेक्रेटरी: बोअर आहे ना आपलं.

अप्पा: मोटर काय पेंड खाऊन चालते काय ओ?

सेक्रेटरी: बरोबर. जनरेटरचा विषय मीटिंगला घेऊ. पण आधी मेंटेनन्स.

वहिनी: अहो, जिन्यावरनं पाणी येऊलंय! वरची टाकी भरून वाहूलीय. मोटर कुणी चालू केली?

नाना: मी. वीज जायच्या आत भरून ठेवावी म्हटलं.

वहिनी: बंद करा ओ नाना!!

नाना: मोटरच्या खोलीचं कुलूप ओढून लावलं, चावी सेक्रेटरींकडं.

सेक्रेटरी: मी खानापुरात आहे.